वतनाची सनद आणि बोंडातील अळी



ज्या शेतकी-शिक्षकाच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला आपण चालवीत आहात, त्यांना व्यासपीठावरून बोलण्याचा मनस्वी कंटाळा असे. जे सांगावयाचे ते बांधावर उभे राहून, हातात उपटलेले रोप धरून सांगावयाचे, हा त्यांचा शिरस्ता होता. त्या शिरस्त्याला स्मरून मी आज येताना वाटेवरच्या एका शेतातून कपाशीचे एक हिरवे बोंड मागून आणले आहे. हे बोंड आपण दुरून पाहा अथवा जवळून पाहा, त्यावर डाग नाही, छिद्र नाही. बाजारात उभ्या केलेल्या सालस मुलासारखे ते निर्दोष दिसते. परंतु ते मी आता चाकूने उभे चिरतो, आणि आत पाहा: रुई पिवळसर पडली आहे, सरकी पोखरली आहे, आणि त्या पोकळीत बोटाच्या नखाएवढी गुलाबी अळी वळवळते आहे. अंड्यातून निघताच ती कोवळ्या बोंडात शिरते, आणि तिच्या प्रवेशाचे सूक्ष्म द्वार बोंड वाढता वाढता आपोआप बुजून जाते. त्यामुळे घरात चोर असूनही दाराला कुलूप शाबूत, अशी शेतकऱ्याची गत होते.

या अळीच्या वंशातच फेरफार करून, म्हणजे रानात मोकळ्या हिंडणाऱ्या तिच्या पतंगांत मनुष्याने घडविलेले जनुक मिसळून, तिचा बंदोबस्त करावा काय, आणि करावयाचा झाल्यास त्याचा अधिकार कोणाला, हा माझ्या आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. प्रश्न केवळ या एका अळीचा नाही. परंतु आपण वऱ्हाडात बसलो आहोत, आणि वऱ्हाडात कीड म्हटली की कोणती आठवते, हे मी आपणांस सांगण्याची गरज नाही.

या अळीचा पूर्वेतिहास थोडा सांगतो, कारण पुढील सर्व विवेचनाचे बीज त्यातच आहे. १८४३ साली साँडर्स नावाच्या इंग्रज कीटकशास्त्रज्ञाने तिचे प्रथम शास्त्रीय वर्णन केले, ते भडोचहून धाडलेल्या नमुन्यांवरून. सरकीच्या दाण्यात दडून महिनोन्‌महिने निद्रिस्त राहण्याची विद्या तिला अवगत असल्यामुळे, विसाव्या शतकाच्या आरंभी ती हिंदुस्थानातील कापसाबरोबर इजिप्तला गेली, इजिप्तच्या बियाण्याबरोबर मेक्सिकोत उतरली, आणि १९१७ साली अमेरिकेच्या टेक्सास प्रांतात तिची नोंद झाली. तिला परवाना लागला नाही, की जकातनाक्यावर कोणी तिची झडती घेतली नाही. ज्या मार्गाने ती येथून गेली त्याच मार्गाने तिच्या वंशातील एखादा फेरफार इकडे परत येऊ शकतो, ही गोष्ट आपण मनात धरून ठेवावी.

पुढचा इतिहास आपल्या घरचा आहे. २००२ साली आपल्या देशात बीटी कपाशीस परवानगी मिळाली. जमिनीतील एका जिवाणूचे विषोत्पादक जनुक कपाशीत घातले गेले, आणि काही वर्षे बोंडअळी हटली असे सर्वांस वाटले. २००६ मध्ये दोन जनुकांचे वाण आले. २०१० साली गुजरातेतील काही जिल्ह्यांत गुलाबी बोंडअळीने पहिल्या जनुकास दाद देणे सोडल्याचे जाहीर झाले; पुढे दुसऱ्यासही ती पुरून उरली, आणि २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रात तिने जो कहर केला तो येथे बसलेल्यांपैकी अनेकांनी स्वतःच्या वावरात पाहिला आहे. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर औषध फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर प्राणास मुकले. जनुकांत हात घालणे धोक्याचे आहे असे जो म्हणतो, त्याने हात न घालण्याचीही किंमत असते, आणि ती बहुधा पाठीवर पंप घेतलेला माणूस देतो, हे विसरता कामा नये.

परंतु बीटी कपाशी निष्प्रभ का झाली, याचेही कारण ध्यानात घ्यावे. बियाण्याच्या पाकिटासोबत बिगर-बीटी बियाण्याची एक लहान पुडी मिळत असे. ते बियाणे शेताच्या कडेने पेरावे, त्या झाडांवर अळीने खुशाल जगावे, म्हणजे विषास न बधणाऱ्या थोड्या पतंगांचा संकर विषास बळी पडणाऱ्या पुष्कळ पतंगांशी होऊन प्रतिकारशक्तीचा वंश फोफावणार नाही, अशी ती योजना होती. पुडी बहुतेकांनी पेरली नाही; बाजारभावाच्या आशेने फरदड घेऊन कपाशी फाल्गुनापर्यंत उभी ठेवली; आणि अळीला वर्षभर अन्नछत्र मिळाले. शास्त्र प्रयोगशाळेत हरले नव्हते. ते हरले बांधावर, जेथे प्रत्येकाचा तात्पुरता लाभ सर्वांच्या दीर्घकालीन हिताविरुद्ध उभा असतो.

आता मूळ विषयाकडे वळू. कीटकाच्या प्रजननातच अडथळा आणून त्याचा नाश करावा, ही कल्पना नवी नाही. जनावरांच्या जखमांत अंडी घालून जिवंत मांस खाणाऱ्या स्क्रूवर्म नावाच्या माशीविरुद्ध अमेरिकेतील निपलिंग आणि बुशलँड यांनी ती प्रथम मोठ्या प्रमाणावर आचरणात आणली. किरणोत्सर्गाने वंध्य केलेले लक्षावधी नर आकाशातून सोडावयाचे. त्यांच्याशी संग झालेल्या मादीची अंडी फुकट जावयाची. आणि पिढीगणिक संख्या घटत जाऊन कीड नामशेष व्हावयाची. १९५४ साली कुरसाव बेटावर हा प्रयोग यशस्वी झाला, आणि पुढे संपूर्ण उत्तर अमेरिका खंड या माशीपासून मुक्त करून पनामाच्या चिंचोळ्या पट्टीत वंध्य माश्यांची जणू चौकी बसविण्यात आली. तरीही २०२४ च्या अखेरीस ही माशी त्या चौकीस बगल देऊन मेक्सिकोत परतली. चौकीदार डुलकी घेतो, माशी घेत नाही.

गुलाबी बोंडअळीवरही अमेरिकेने हेच अस्त्र चालविले. बीटी कपाशी, कामगंध सापळे, हंगामानंतर झाडे गाडून टाकण्याची सक्ती आणि विमानातून सोडलेले अब्जावधी वंध्य पतंग, अशा चतुरंग सेनेने २०१८ साली त्या देशाच्या कापूसपट्ट्यातून ती हद्दपार झाल्याचे सरकारने घोषित केले. या मोहिमेच्या काळातच अ‍ॅरिझोनात थोड्या प्रमाणावर असेही पतंग सोडून पाहिले गेले, की ज्यांच्या पेशींत लाल प्रकाश देणारे जनुक घातलेले होते. हेतू एवढाच, की सापळ्यात सापडलेला पतंग आपला की रानातला हे ओळखता यावे. तेही किरणांनी वंध्य केलेलेच होते. त्यामुळे ते जनुक त्यांच्याबरोबरच संपले.

पुढची पायरी कोबीवरील चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाची. ही कीड जगभर एकामागून एक कीटकनाशके पचवून बसली आहे. ऑक्सिटेक या इंग्रज कंपनीने तिच्या नरांत असे जनुक घातले, की त्यांच्या मुली अळी-अवस्थेतच मराव्यात. प्रयोगशाळेत आहारातून विशिष्ट औषध मिळते तोवर त्या जगतात, शेतात ते औषध नसते. येथे किरणांचे काम जनुकाने केले. २०१७ साली न्यूयॉर्क राज्यात कॉर्नेल विद्यापीठाच्या कोबीच्या शेतात हे पतंग मोकळे सोडण्यात आले. तेथील सेंद्रिय शेती करणाऱ्यांच्या संघटनेने त्यास हरकत घेतली होती; शेजारच्या शेतातून उडत आलेला पतंग आपल्या कोबीत मेल्यास आपल्या सेंद्रियपणाच्या दाखल्याचे काय, असा त्यांचा सवाल होता. सवाल वरकरणी क्षुल्लक वाटतो; परंतु बांधाच्या पलीकडचा माणूस जेव्हा असे विचारतो, तेव्हा तो वस्तुतः मालकी आणि संमती यांविषयीच विचारीत असतो.

या दुसऱ्या प्रकारातही एक मर्यादा आहे: सोडणे थांबविले, की नरांकरवी पुढे गेलेले ते जनुक काही पिढ्यांत विरून जाते. तिसऱ्या प्रकारात मात्र ही मर्यादाच पुसली जाते. सामान्य जनुक संततीपैकी निम्म्यांस मिळते. परंतु निसर्गात काही जनुके अशी लबाड आहेत की ती निम्म्या वाट्यावर समाधान न मानता जवळजवळ साऱ्या संततीत शिरतात. लंडनचे ऑस्टिन बर्ट यांनी २००३ साली अशा जनुकांचा उपयोग करून वन्य प्रजातींत हवा तो फेरफार पसरविता येईल असे मांडले. २०१४ मध्ये केव्हिन एस्वेल्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्रिस्पर या जनुक-कात्रीच्या साह्याने हे कसे साधेल ते दाखविले. आणि २०१५ मध्ये कॅलिफोर्नियात फळमाशीवर ते प्रत्यक्ष सिद्ध झाले. यास जीन ड्राइव्ह, म्हणजे जनुकाची चालना, म्हणतात. चेरी नासविणाऱ्या ठिपकेदार पंखांच्या माशीत अशी चालना घडविल्याचे वृत्त २०१८ साली प्रसिद्ध झाले. पिकावरील कोणत्याही किडीत घडविलेली अशी चालना आजवर मोकळ्या रानात सोडलेली नाही. परंतु जे पिंजऱ्यात सिद्ध झाले ते फार काळ पिंजऱ्यात राहत नाही.

या तिन्ही प्रकारांतील भेद समजण्यास आपल्या जुन्या महसुली दप्तरातील दोन शब्द पुरेसे आहेत. किरणांनी वंध्य केलेला अथवा कन्याघाती जनुक घेऊन आलेला नर म्हणजे सालबंदीचा खंड होय: मुदत सरली, नवा करार केला नाही, की जमीन मूळ धन्याकडे परत. जीन ड्राइव्ह म्हणजे वंशपरंपरेची वतनी सनद; ती एकदा शिक्कामोर्तब होऊन बाहेर पडली, की देणारा राहो न राहो, ती पुत्रपौत्री चालत राहते. वतन देण्यास एक शिक्का आणि एक घटका पुरत असे. ती वतने खालसा करण्यास मुंबई राज्यात १९५० पासून एकामागून एक कायदे करावे लागले, आणि त्यांचे दावे कज्जेदलालांच्या दोन पिढ्यांस पोसून गेले. आणि तेथे निदान कायदा मोडणारा व पाळणारा माणूस होता. कीटकास वतन दिल्यावर ते खालसा करण्याची नोटीस बजवावयाची कोणावर?

माझे आजचे म्हणणे या एका भेदावर उभे आहे. जो फेरफार परत घेता येतो, तो करून पाहण्याचा अधिकार काही अटींवर मनुष्यास असू शकतो. जो परत घेता येत नाही, तो पिकाच्या किडीपुरता तरी कोणा एका देशाला, संस्थेला वा कंपनीला असू शकत नाही. एस्वेल्ट यांनीच २०१७ साली, आपोआप पसरणाऱ्या चालनेचा उपयोग वन्यजीवरक्षणासाठी सुचविण्यात आपली चूक झाली, असे मोकळेपणे सांगितले. ज्याने कात्रीचा हा उपयोग दाखविला त्यानेच म्यानाची मागणी करावी, यात वैज्ञानिक प्रामाणिकपणाचा मोठा आदर्श आहे.

कोणी म्हणेल, किडीचा नाश झाल्याने कोणाचे काय बिघडते? उत्तरादाखल एका स्मारकाची गोष्ट सांगतो. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड प्रांतात बूनार्गा येथे १९३६ साली बांधलेले एक सभागृह आहे. ते कोणा सेनापतीच्या वा लोकनेत्याच्या नावाचे नसून कॅक्टोब्लास्टिस नावाच्या पतंगाच्या नावाचे आहे. अर्जेंटिनाहून आणलेल्या या पतंगाने त्या देशातील अफाट जमीन गिळून बसलेल्या निवडुंगाचा फडशा पाडला, म्हणून कृतज्ञ शेतकऱ्यांनी त्याचे स्मारक उभारले. तोच पतंग १९५७ साली कॅरिबियन बेटांत सोडण्यात आला. १९८९ मध्ये तो फ्लॉरिडात आढळला. आणि पुढे मेक्सिकोच्या बेटांवर पोचला. मेक्सिकोत निवडुंग हे अन्न आहे, उपजीविका आहे, आणि राष्ट्रध्वजावरील चिन्ह आहे. तेथील सरकारला ज्या पतंगाचा नायनाट करण्यासाठी धावपळ करावी लागली, त्याच पतंगाचे दुसऱ्या खंडात स्मारक आहे. आपल्या कलकत्त्याहून १८७२ साली जमैकाच्या उसात उंदीर मारण्यासाठी नेलेल्या मुंगसांनीही तेथील पक्षी आणि सरडे यांची अशीच दुर्दशा केली.

तात्पर्य, ‘कीड’ ही जीवशास्त्रातील संज्ञा नव्हे. ती हिशेबाच्या वहीतील संज्ञा आहे. चेरीवरील माशी कॅलिफोर्नियात उपरी असली तरी पूर्व आशियात ती मूळची रहिवासी आहे, आणि कॅलिफोर्नियातील बागाईतदारांच्या पैशाने तिच्यात घडविलेली चालना फळांच्या एखाद्या पेटीतून उलट दिशेने प्रवास करणारच नाही, अशी हमी कोणता जामीनदार देईल? त्याशिवाय निवडीचा नियम चालनेलाही सोडीत नाही: कात्री जेथे कापते तो भाग किंचित बदललेले कीटक रानात असतात, ते वाचतात आणि वाढतात. बीटीच्या बाबतीत पुडी न पेरल्याने जे घडले, ते येथे कोणी काहीही न चुकता घडू शकते.

याहून सूक्ष्म असा एक प्रश्न आहे, आणि तो हिंसेचा आहे. शेती अहिंसक नाही. नांगराच्या तासात किती जीव मरतात याची गणती नाही. आपल्या धर्मशास्त्रकारांनी चूल, जाते, केरसुणी, उखळ आणि पाण्याचे भांडे यांना पंचसूना, म्हणजे गृहस्थाच्या घरातील पाच वधस्थाने म्हटले, आणि त्यांचा दोष फेडण्यासाठी नित्य पंचमहायज्ञ सांगितले. त्या कर्मकांडावर आपला विश्वास असो वा नसो, त्यामागील दृष्टी मला मोलाची वाटते: जगण्यासाठी जीव घ्यावा लागतो, परंतु घेणाऱ्याच्या खाती ते ऋण मांडले गेले पाहिजे. आपल्या बोंडातील अळी मारणे हे त्या ऋणात बसते. एक संपूर्ण वंश पृथ्वीवरून पुसून टाकण्याचा संकल्प त्यात बसत नाही. कारण ज्याचा वारसच उरत नाही, त्याचे ऋण फेडावयाचे कोणाकडे? हिवतापाच्या डासाच्या बाबतीत, लेकरे दगावत असता, मी या प्रश्नाचे उत्तर वेगळे देण्यास तयार होईन. किडक्या बोंडाच्या बाबतीत नाही, कारण बोंडाला दुसरे औषध आहे.

आता संमतीविषयी. या बाबतीत आपल्या देशाजवळ एक कडवट अनुभव जमा आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद यांनी अमेरिकेच्या पैशाने दिल्लीत डासांच्या आनुवंशिक नियंत्रणाचे एक पथक चालविले होते. दिल्लीभोवतीच्या खेड्यांत वंध्य डास सोडण्याचे प्रयोग झाले, आणि सोनिपत येथे एडिस जातीचे डास सोडण्याची तयारी चालली होती. तोच वर्तमानपत्रांतून प्रश्न निघाला, की जो पीतज्वर या देशात नाही, तो वाहणारा डासच या परक्या पैशाने का निवडला? संसदेच्या लोकलेखा समितीने चौकशी केली, आणि १९७५ साली तो प्रकल्प गुंडाळला गेला. जैविक युद्धाचा तो संशय यथार्थ होता असे मी म्हणत नाही. शास्त्रज्ञ बहुतेक निर्मळ मनाचे असावेत. परंतु ज्यांच्या अंगणात डास सोडावयाचे त्यांच्याशी आधी, त्यांच्या भाषेत आणि सर्व कागद उघडे ठेवून बोलणे झाले नाही, तर निर्मळ मनाचाही पंचनामा होतो. अलीकडे बुर्किना फासोत हिवतापाच्या डासांवर काम करणाऱ्यांनी गावकऱ्यांची संमती मिळविण्यासाठी वर्षानुवर्षे खर्ची घातली, २०१९ साली चालनारहित वंध्य नर सोडले, आणि तरीही २०२५ मध्ये तेथील सरकारने त्यांचे काम थांबविले. गावाची संमती आणि राज्याची संमती या दोन वेगळ्या वस्तू आहेत, आणि सरहद्दीपलीकडच्या राज्याची संमती ही तिसरी.

आपल्याकडे जनुक बदललेल्या जिवांविषयी १९८९ चे नियम आहेत, आणि २०२३ साली केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने जनुक बदललेल्या कीटकांविषयी मार्गदर्शक सूचनाही काढल्या आहेत. २०१८ साली शर्म-अल-शेख येथे जैवविविधता करारातील राष्ट्रांनी, जीन ड्राइव्हच्या बाबतीत सावधगिरी बाळगावी आणि ज्यांच्यावर परिणाम होईल अशा आदिवासी व स्थानिक समाजांची पूर्वसंमती यथायोग्य तेथे घ्यावी, असे ठरविले. अमेरिका मात्र त्या कराराची सदस्यच नाही. म्हणजे ज्या देशात हे शास्त्र सर्वांत पुढे गेले आहे, तोच देश या पंचायतीबाहेर आहे. कीटकास सरहद्द नाही, कायद्यास मात्र आहे, ही या युगाची खरी विसंगती होय.

म्हणून माझा निवाडा असा. परत घेता येणारा फेरफार आधी बंदिस्त जाळीत, मग एकाकी प्रदेशात, खर्चाचा व अपयशाचा हिशेब चव्हाट्यावर ठेवून, आणि बांधापलीकडच्या शेजाऱ्यास हरकत घेण्याचा खरा हक्क देऊन करून पाहण्यास माझी ना नाही. त्यामुळे पंपाचे विष एका माणसाच्या जरी पाठीवरून उतरले तरी ते पुण्यकर्म आहे. मात्र नुकसान झाल्यास भरपाई कोणी द्यावयाची, हे पतंग सोडण्यापूर्वी लिहून घेतले पाहिजे. वतनाची सनद मात्र पिकाच्या किडीसाठी आज कोणासही देऊ नये.

आणि शेवटी अमेरिकेच्या यशातील एक गोष्ट, जिच्याकडे आपले लक्ष विमानांमुळे जात नाही. तेथील कापूस उत्पादकांनी ती मोहीम आपल्या संमतीने स्वीकारली, खर्चाचा वाटा उचलला, आणि झाडे गाडण्याची तारीख सर्वांनी पाळली. पतंग कसलाही असो, वंध्य, जनुकबदललेला की साधा, या सामाईक शिस्तीवाचून तो निरुपयोगी आहे. आणि ही शिस्त विकत मिळत नाही. तेव्हा उद्या शास्त्र काय देईल याची वाट पाहत असतानाच, आपण सर्वांनी एवढे करावे: फरदडीचा मोह सोडावा, अळीने ग्रासलेल्या डोमकळ्या दिसताच तोडून नष्ट कराव्यात, कामगंध सापळे लावावेत, आणि डिसेंबर सरता सरता गावातील शेवटच्या वावरातील पऱ्हाटी उपटलेली असावी. अळीला खाण्यास काही राहिले नाही, तर तिच्या वंशात हात घालण्याचा प्रश्नही आपणांस आजच्याइतका निकडीचा वाटणार नाही.